रात्री रस्त्यात गाडी बंद पडली तर : लुकलुकते दिवे, त्रिकोण आणि आपले लाईफ जॅकेट



३१ जुलैला बंदी संपते, बोटी बाहेर पडतात आणि आपल्या गाड्याही रात्रीच्या रस्त्याला लागतात. जेटीवर रात्री दोनला भरलेली पिकअप पहाटे बाजारात पोचलीच पाहिजे, नाहीतर दर पडतो. समुद्रातल्या धोक्यांविषयी आपण वर्षभर बोलतो, पण गेल्या हंगामात आपल्याला घाबरवले ते महामार्गाने. एका सभासदाची गाडी पहाटे साडेतीनला उतारावर पंक्चर झाली. पोरगा उजव्या बाजूच्या मागच्या चाकापाशी बसून जॅक लावत होता. मागून आलेल्या ट्रकने शेवटच्या क्षणी कट मारला आणि आरसा तोडून गेला. पोरगा वाचला. मालक अजून विचारतात, "चारी इंडिकेटर चालू होते, तरी त्याला दिसले कसे नाही?"

पहिले कारण साधे आहे. स्टेपनी काढायला फाळका खाली सोडला होता, त्याने मागचे दिवे झाकले गेले. लाईट चालू, पण बघणाऱ्याला काळोख.

दुसरे कारण वेगाचे. ८० च्या वेगाने येणारी गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. पुढे काहीतरी आहे हे कळून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरा, म्हणजे ३३ मीटर तिथेच गेले. मग कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी ३५-४० मीटर. भरलेला ट्रक आणि पावसाचा रस्ता असेल तर कितीतरी जास्त. आणि डीम लाईटचा कामाचा उजेड पडतो जेमतेम ४०-५० मीटर. काळा टी-शर्ट घातलेला माणूस त्याला दिसतो तेव्हा वेळ संपलेली असते.

म्हणून त्रिकोण गाडीला टेकवून ठेवून उपयोग नाही. महामार्गावर तो साधारण १०० मीटर मागे पाहिजे, म्हणजे सव्वाशे-दीडशे पावले. अनमोड किंवा चोर्ला घाटात वळण असेल तर वळणाच्या अलीकडे, येणाऱ्याला वळायच्या आधी दिसेल असा. ठेवायला जाताना रस्त्याच्या कडेने, त्रिकोण उघडून पुढे धरूनच चालावे. दगड आणि झाडाची फांदी ठेवायची आपली जुनी सवय आहे, पण दगड चमकत नाही. शिवाय गाडी निघाल्यावर तो तिथेच राहतो आणि मागून येणारा स्कूटरवाला त्यावर जातो.

आता लुकलुकत्या दिव्यांविषयी. लाल दिवा डावीकडचा, हिरवा उजवीकडचा, पांढरा मागचा, हे आपल्या तांडेलांना शिकवावे लागत नाही. रस्त्यावर मात्र मागून दिसणारी प्रत्येक गाडी लालच दिसते. त्या गर्दीत निळा दिवा वेगळा उठतो. काळोखात आपल्या डोळ्याला तसाही लाल रंग मंद आणि निळा जास्त तेज वाटतो. म्हणून पोलीस, अग्निशमन दल यांच्या गाड्यांवर लाल, निळे, पांढरे असे मिश्र दिवे असतात.

पण जास्त दिवे म्हणजे जास्त सुरक्षा असे नाही. भगभगीत दिव्याने समोरच्याचे डोळे दिपतात, आणि त्याच दिव्यापुढे उभा असलेला माणूस त्याला दिसतच नाही. काळोखाला पूर्ण सरावायला डोळ्याला वीस-तीस मिनिटे लागतात. एक झगमगाट झाला की ते सगळे गेले. तेव्हा मदतीला थांबलात तर हेडलाईट येणाऱ्यांच्या तोंडावर ठेवू नका. पुढे असे दिवे दिसले की वेग कमी करा, डीम करा आणि रस्त्यावर माणसे आहेत असे धरूनच चला. मोबाईलवर व्हिडिओ काढायला थांबू नका. ॲम्ब्युलन्सला वाट न दिल्यास मोटार वाहन कायद्यात १०,००० रुपये दंड आहे. आणि हौसेने आपल्या पिकअपला लाल-निळे फ्लॅशर लावलेत ते काढा. मे २०१७ पासून तर मंत्र्यांच्याही गाडीवरचे लाल दिवे उतरले आहेत.

चमकणारे जॅकेट विकत घ्यायला पाहिजेच असेही नाही. बोटीवरचे लाईफ जॅकेट भगवे असते आणि त्यावर चंदेरी पट्टी असते. ती पट्टी उजेड आला त्याच दिशेला परत पाठवते, म्हणून ती ड्रायव्हरला शंभर मीटरच्याही पलीकडून दिसते. एक जुने जॅकेट गाडीत टाका. त्यावर खार बसली असेल तर गोड्या पाण्याने धुवा, नाहीतर ती चमकत नाही.

दोन गाड्यांच्या मध्ये कधीही उभे राहू नका. बाकीच्यांना गाडीतून उतरवून, रस्त्यापासून दूर, गाडीच्या मागे उभे करा. पुढे उभे केले तर धडक बसलेली गाडी त्यांच्याच अंगावर येते. मासळी खराब होईल म्हणून कोणी भर रस्त्यात क्रेट दुसऱ्या गाडीत भरत बसू नये. आधी त्रिकोण, मग बर्फ.

अपघात दिसला तर ११२ किंवा १०८ ला फोन करा; राष्ट्रीय महामार्गावर १०३३ आहे. "पोलीस आपल्यालाच अडकवतील" ही भीती आपल्या लोकांत फार आहे. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात कलम १३४-अ आले. त्यानुसार चांगल्या मनाने मदत करणाऱ्यावर खटला होत नाही, आणि नाव सांगायची त्याच्यावर सक्तीही नाही.

कार्यालयात त्रिकोण एकत्र मागवत आहोत. ज्यांच्या गाडीत नाही त्यांनी बर्फाचे कुपन घेताना गाडीचा नंबर लिहून द्यावा. एका गाडीला दोन नग.