न येणारा ओटीपी

"आला का?"

"न्हाई आला."

"मग परत पाठवायला सांगा की."

बीडमधल्या एका सेवा केंद्रात मी तासभर बसलो होतो. तेवढ्या वेळात हा संवाद निदान पंधरा वेळा कानावर पडला. माणसं बदलत होती, संवाद तोच. माझ्या शेजारी एक बाई कागदपत्रांची प्लास्टिकची पिशवी पोटाशी धरून बसल्या होत्या. त्यांच्या खात्याला जोडलेला नंबर मालकांच्या फोनमध्ये, आणि मालक दिवाळीनंतर कोल्हापूरकडं ऊसतोडीला गेलेले. शेजारणीच्या फोनवरून त्यांनी मालकांना गाठलं. पलीकडं ट्रॅक्टरची घरघर. मालक ओरडून एकेक आकडा सांगत होते, बाई इकडं मोठ्यानं म्हणत होत्या, केंद्रातला पोरगा टाइप करत होता. पाच आकडे नीट पोचले. सहावा ट्रॅक्टरनं गिळला. तो पुन्हा विचारेपर्यंत मुदत संपली.

बीडकरांनी दोन गोष्टींची फार वाट पाहिली, एक रेल्वेची आणि दुसरी ओटीपीची. रेल्वे शेवटी १७ सप्टेंबर २०२५ ला, मुक्तिसंग्राम दिनी, अहिल्यानगरकडून आली. त्याच वर्षी १५ जुलैपासून रेल्वेचं तत्काळ तिकीट ऑनलाइन काढायचं तर आधारला जोडलेल्या नंबरवरचा ओटीपी सक्तीचा झाला होता. म्हणजे गाडी यायच्या दोन महिने आधीच तिच्या तिकिटाची वाट पाहायची सोय झालेली! (बीडला पहिल्यांदा आलेल्या डेमूला आरक्षण नव्हतं, हा भाग वेगळा.)

पासवर्ड असताना ओटीपीसारखी दुसरी खूण मागतात कशाला, ते ऊसतोडीच्या भाषेत चटकन कळतं. फडात 'एक कोयता' म्हणजे एक माणूस नव्हे, नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल देतो ती कोयत्यामागं. एकटाच आला तर तो अर्धा कोयता. आणि या जोडीत दोघांचं काम बहुधा वेगळं असतं. एकानं ऊस तोडायचा, दुसरीनं मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत वाहायच्या. ऑनलाइन खात्याचंही तसंच. नुसता पासवर्ड हा अर्धा कोयता. त्याच्या जोडीला दुसरा पासवर्ड दिला तरी जोडी लागत नाही, कारण दोन्ही एकाच जातीचे. ज्यानं एक चोरला तो दुसराही चोरेल. जोडीदार वेगळ्या जातीचा हवा. पासवर्ड डोक्यात असतो, तर दुसरी खूण हातात असावी, म्हणजे फोन, नाहीतर अंगावर असावी, म्हणजे अंगठा किंवा चेहरा. अर्थात कोयता धरून झिजलेल्या अंगठ्याची ओळख यंत्राला पटत नाही, हे रेशन दुकानात आपण पाहतोच. म्हणून आपल्याकडं सगळी भिस्त फोनवर.

ही सवय आपल्याला लावली रिझर्व्ह बँकेनं. १ ऑगस्ट २००९ पासून इंटरनेटवर कार्डानं पैसे भरताना कार्डावर छापलेल्या माहितीखेरीज आणखी एक खूण देणं बंधनकारक झालं. एसएमएसवर येणारा ओटीपी त्यातूनच घराघरांत शिरला. माझ्या मते हा निर्णय फार मोठा होता. आपण त्याला 'कटकट' म्हणून निकालात काढतो. पण एसएमएसला प्रवास करावा लागतो. वाटेत रेंज नसते, कधी फोनच दुसऱ्या जिल्ह्यात असतो, आणि कुणी तुमच्या नावावर दुसरं सिम काढलं तर तो बिनबोभाट त्याच्याकडं जातो.

मात्र एक ओटीपी असा आहे, जो येतच नाही.

गुगल, ॲमेझॉन, फेसबुक अशा खात्यांच्या सुरक्षेच्या सेटिंगमध्ये गेलात की 'ऑथेंटिकेटर ॲप' असा एक पर्याय दिसतो. तो निवडला की पडद्यावर क्यूआर कोड उमटतो. फोनमधल्या ॲपनं तो स्कॅन केला की लगेच सहा आकडे दिसू लागतात. तीस सेकंदांनी ते पुसले जातात आणि नवे सहा येतात. पुन्हा तीस सेकंद, पुन्हा नवे. आता फोन फ्लाइट मोडवर टाका. सिम काढून खिशात ठेवा. आकडे बदलतच राहतात, आणि कंपनीचा हजारो किलोमीटर दूरचा संगणक तेच आकडे खरे मानतो. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला यात काहीतरी लबाडी वाटली. फोन कुणाशीच बोलत नाही, मग त्या संगणकाला कळतं कसं?

खरं तर तो संगणकही बोलत नाही. दोघंही आपापल्या जागी एकच गणित सोडवत बसलेले असतात.

त्या गणिताला दोन गोष्टी लागतात. पहिली म्हणजे एक गुपित. तो क्यूआर कोड पैसे घेणारा नव्हता, त्यात अक्षरांची एक लांब माळ होती: इंग्रजी अक्षरं आणि २ ते ७ हे आकडे. शून्य आणि एक त्यात मुद्दाम घेतलेले नाहीत, हातानं उतरवताना ते अक्षरांसारखे दिसून घोटाळा होतो म्हणून. ही माळ फक्त जोडणीच्या वेळी प्रवास करते, कंपनीच्या संगणकाकडून पडद्यावर आणि पडद्यावरून तुमच्या कॅमेऱ्यापर्यंत. त्यानंतर ती एक प्रत फोनमध्ये आणि एक संगणकात पडून असते.

दुसरी गोष्ट म्हणजे घड्याळ. संगणकांच्या जगात काळाची मोजणी १ जानेवारी १९७० च्या ग्रिनिचच्या मध्यरात्रीपासून सुरू होते. तेव्हा बीडमध्ये पहाटेचे साडेपाच वाजले होते. त्या पहाटेपासून तीस-तीस सेकंदांचे तुकडे पाडायचे आणि मोजत सुटायचं. दिवसाला २,८८० तुकडे. १ जानेवारी २०२६ च्या पहाटे साडेपाचला ही मोजणी ५ कोटी ८९ लाख ७ हजार ५२० वर पोचली होती. तुकडे सगळ्यांचे एकच असल्यामुळं तीस सेकंदांचा नेहमीचा हिशेब धरणारे जगभरातले सगळे कोड एकाच क्षणी कूस बदलतात. बीडच्या सुभाष रोडवरचा फोन असो की ब्राझीलमधला, मिनिटाच्या सुरुवातीला आणि मध्यावर सगळे एकदम.

आता गुपित आणि हा मोजणीचा आकडा गिरणीत घालायचे. गिरणीचं नाव एचमॅक. मिहिर बेलारे, रॅन कॅनेटी आणि ह्यूगो क्रॉचिक या तिघांनी ती १९९६ मध्ये मांडली. गिरणीचा गुण असा की तेच दाणे टाकले तर पीठ दर वेळी तेच, पण पिठाचे पुन्हा दाणे करता येत नाहीत. बाहेर येतात वीस छोट्या संख्या. त्यांतल्या शेवटच्या संख्येचा एक तुकडा सांगतो की कितव्या जागेपासून पुढच्या चार उचलायच्या. म्हणजे कुठं बोट ठेवायचं तेही पीठच ठरवतं! त्या चार मिळून एक मोठी संख्या होते, तिला दहा लाखांनी भागायचं आणि भागाकार फेकून द्यायचा. उरलेली बाकी म्हणजे आपले सहा आकडे.

चौथीतली बाकी. गुरुजींनी शिकवलेली.

या गणिताच्या मूळ मसुद्यात, जो डिसेंबर २००५ मध्ये निघाला, पडताळ्यासाठी एक सोडवलेलं उदाहरण दिलेलं आहे. त्यात गुपित अगदी साधं आहे, १२३४५६७८९० हेच आकडे दोनदा. मोजणी ० असताना मोठी संख्या येते १२८ कोटी ४७ लाख ५५ हजार २२४. बाकी ७५५२२४. मोजणी फक्त एकानं पुढं सरकवली की संख्या होते १०९ कोटी ४२ लाख ८७ हजार ८२, आणि बाकी २८७०८२. एक पाऊल काय पडलं, सगळा चेहराच पालटला. ७५५२२४ वरून पुढचा आकडा ओळखायला गेलात तर हाती काही लागत नाही. त्या मसुद्यात मोजणी बटण दाबलं की पुढं जायची. बटणाच्या जागी घड्याळ बसवलं ते मे २०११ च्या मसुद्यानं.

घड्याळ म्हटलं की आपल्याकडं एक धोका आहे. भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं पुढं ठेवायची पद्धत बऱ्याच घरांत असते. फोनला ती लावू नका, कोड चुकतील. वेळ 'आपोआप'वर असू द्या. समोरचा संगणक साधारण एखादा तुकडा इकडं-तिकडं चालवून घेतो, दहा मिनिटं नाही.

सेवा केंद्रात बसून हे जोडणार असाल तर त्या क्यूआर कोडचा फोटो कुणाला काढू देऊ नका. पोरगा चांगला असेल, पण त्या फोटोत अख्खं गुपित असतं. तो ज्याच्याकडं, त्याच्या फोनवर तुमचेच आकडे उगवणार. जोडणी झाल्यावर बऱ्याच ठिकाणी दहाएक राखीव कोडही मिळतात, फोन फडात हरवला तर उपयोगी पडणारे. ते कागदावर उतरवून ठेवावेत. आणि फोन करून गोड बोलणाऱ्याला हे आकडे सांगितले तर मात्र इलाज नाही. गणिताला माणूस ओळखता येत नाही. त्यावर पासकी नावाचा पुढचा उपाय निघालाय, त्यात सांगायला आकडेच नसतात. पण तो वेगळा विषय.

आपल्या सगळ्याच बँका आणि सरकारी खाती या वाटेवर आलेली नाहीत. एम-आधार ॲपनं मात्र तीस सेकंदांना बदलणारा आठ आकडी कोड आणला, आणि रिझर्व्ह बँकेचे १ एप्रिल २०२६ पासूनचे नियमही एसएमएसवरच अडून बसत नाहीत.

गणित कळल्यावरही मला खात्री करून घ्यायची होती. एकाच क्यूआर कोडवरून मी दोन फोन जोडले. एक आईकडं दिला, दुसरा घेऊन मांजरसुंब्याजवळच्या कपिलधारला गेलो. दोन्ही फ्लाइट मोडवर. ठरलं असं की बरोबर अकरा वाजून दहा सेकंदांनी दोघांनी दिसेल ते लिहायचं, मग दर मिनिटाला एकदा, असं तीन वेळा. धबधब्याकडच्या पायऱ्यांवर बसून मी बसच्या तिकिटाच्या मागं आकडे लिहिले. आजूबाजूला मन्मथस्वामींच्या दर्शनाला आलेली माणसं, एकाच्याही फोनशी माझ्या फोनचं देणंघेणं नाही.

संध्याकाळी घरी आलो. आईनं तिचे आकडे कॅलेंडरच्या पाठीमागं, दुधाच्या हिशेबाखाली लिहिले होते. मी तिकीट त्याच्या शेजारी धरलं. पहिले सहा तेच. दुसरे तेच. तिसऱ्यात सुरुवातीला शून्य होतं, तेसुद्धा तिनं सोडलेलं नव्हतं.

"फोन तर बंद व्हता तुझा," ती म्हणाली. "मंग तुला कळवलं कुणी?"

"कुणीच नाही."

तिनं दोन्ही कागद पुन्हा एकदा बोटानं वाचले. मग राखीव कोडांचा कागद माझ्या हातातून घेऊन चार घड्या घातल्या, पेटी उघडली आणि सातबाऱ्याच्या खाली सारला. कुलूप लावून किल्ली हातात घेऊन ती थोडा वेळ तशीच उभी राहिली.

"आता ही कुठं ठेवू?"