तीन घागरींची कुंई

जैसलमेरहून रामगढच्या वाटेला लागलं की झाडं खुरटत जातात. शेवटी रुई, केर आणि खराट्यासारखी, पानं नसलेली खींप तेवढी उरते. अशाच एका सखल मैदानात आम्ही थांबलो. मला विहिरी दाखवायला आणलं होतं. दिसत होती ती फक्त जमिनीलगतची लाकडी झाकणं.

सोबतच्या वडीलधाऱ्या बासांनी एक झाकण सरकवलं. आत डोकावलो तर खांदे दोन्ही कडांना टेकले. इथले लोक हिला कुंई म्हणतात. तळाशी पाणी चमकत होतं, पण ताटाएवढंच.

बासांनी दोरानं चामड्याची चडस सोडली. पहिल्या दोन घागरी नितळ भरल्या, तिसरीत रेती आली. लगेच दोर गुंडाळून त्यांनी झाकण लावलं. "आता उद्या," ते म्हणाले, "रात्रभर ती भरेल."

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आपण म्हणतो. इथं आडात पाणी नसतंच. ते रोज थोडंथोडं येतं. या भागात वर्षाला 200 मिलिमीटरहूनही कमी पाऊस पडतो. आपली काळी जमीन उन्हात भेगाळते आणि भेगांतून ओल उडून जाते. रेतीचे कण मुळातच सुटे, त्यामुळे तिला भेगा पडत नाहीत आणि मुरलेलं पाणी आत टिकतं. काही ठिकाणी खाली जिप्समचा कठीण थर असतो. तो या ओलीला खोलवरच्या खाऱ्या पाण्यात मिसळू देत नाही. कुंई म्हणजे या थरापर्यंत नेलेली पोकळी. रेतीतली ओल थेंबाथेंबानं तिच्यात पाझरते. या पाण्याला इथं रेजाणी म्हणतात.

तोंड अरुंद का, ते आता उमगलं. रुंद विहिरीत एवढंसं पाणी तळभर पसरलं असतं. चडस बुडली नसती आणि उन्हानंही आपला वाटा उचलला असता. अरुंद कुंईत तेच पाणी उंच चढतं.

खणणाऱ्याची मात्र त्यात कसोटी. कुदळ फिरवायला जागा नसते म्हणून आखूड दांड्याच्या हत्यारानं बसूनच खणायचं. वरचे लोक मूठमूठ रेती जोरानं खाली फेकतात, तिच्याबरोबर ताजी हवा तळाशी जाते. रेती डोक्यावर पडते, म्हणून त्यानं धातूचा टोप घातलेला असतो. भिंत ढासळू नये म्हणून जागोजागी खींपेचा जाड दोर वेटोळ्यांनी रचत वर आणतात. मघाशी ज्या झुडपाला मी खराटा समजलो, तेच इथं दगडाचं काम करतं. अनुपम मिश्र यांनी ‘राजस्थान की रजत बूँदें’ या 1995 सालच्या पुस्तकात या विद्येची तपशीलवार नोंद केली आहे.

कुंई ज्याची त्याची. जमीन आणि तिच्यातली ओल मात्र गावाची. म्हणून नवी खणायची तर गावाची संमती लागते. प्रत्येक नवी कुंई शेजारणीच्या ओलीत वाटेकरी होते.

1958 साली काम सुरू झालेला इंदिरा गांधी कालवा आता या मुलखात पोहोचला आहे, नळही आले आहेत. "मग ही कशाला जपता?" मी विचारलं. बासांनी उत्तराऐवजी ओंजळीत पाणी ओतलं. गार आणि गोड. ओंजळीतून चार थेंब निसटले, तसा त्यांनी घागरीचा काठ माझ्या हाताखाली धरला.