आहेराची वही

आमच्या घरी जुन्या ट्रंकेत आईची एक वही आहे. लाल पुठ्ठ्याची, लांबोडकी. घरात जी जी लग्नेमुंजी झाली, त्या प्रत्येक कार्याचा आहेर तिच्यात नोंदलेला आहे. कुणी अकरा रुपये दिले, कुणी खण दिला, कुणी स्टीलचा डबा. लहानपणी मला वाटे, आई हे सारे कौतुकाने लिहून ठेवते. पुढे उमगले की, कुणाकडच्या कार्यात किती परत करायचे, याचा तो हिशेब आहे. आहेर आला की परतफेड आलीच!

या वहीची आठवण झाली ती भाच्यामुळे. तो हाडांचा सर्जन आहे. गेल्या भाऊबीजेला ताईकडे गेलो, तेव्हा तो नुकताच एका वैद्यकीय परिषदेहून परतला होता. कोपऱ्यात एक सुरेख पिशवी पडली होती. तिच्यावर संघटनेचे बोधचिन्ह बारीक आणि एका कंपनीचे नाव चांगले ठळक!

मी चेष्टेने विचारले, "कार्य कुणाचे आणि यजमान कोण?"

तो हसून म्हणाला, "मामा, पिशवीसाठी का कुणी माणसाच्या हाडात पट्टी बसवतो?"

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. माझा भाचा पिशवीला विकला जाणारा नव्हे. परंतु सभागृहाचे भाडे, दुपारची जेवणे, दालनांची रोषणाई आणि प्रात्यक्षिकाच्या टेबलावरची हत्यारे, यांचा खर्च प्रतिनिधींच्या फीतून भागतो थोडाच? तो बऱ्याच अंशी औषधांच्या आणि उपकरणांच्या कंपन्या उचलतात.

आता कुणी म्हणेल, मग कंपन्यांना सरळ बाहेर काढा. पण गोष्ट इतकी सोपी नाही. त्यासाठी वाचकांना थोडे स्वित्झर्लंडला यावे लागेल.

१९५८ साली तिथल्या बील गावी मॉरिस म्यूलर आणि त्यांचे सहकारी सर्जन एकत्र आले आणि त्यांनी 'ए. ओ.' नावाचे मंडळ स्थापले. त्या काळी मोडलेले हाड बहुधा प्लास्टरमध्ये किंवा वजने लावून आठवडेच्या आठवडे जखडून ठेवीत. हाड जुळे, पण सांधे आखडून बसत. या मंडळींचे म्हणणे असे की, पट्ट्या आणि स्क्रू लावून हाड पक्के बसवावे आणि रोग्याला लवकर हालचाल करू द्यावी. त्यासाठी नेमकी हत्यारे हवीत. ती रॉबर्ट माथिस या कसबी कारागिराने घडवली. पण नुसती हत्यारे घेऊन काय करणार? ती चालवायला हात शिकवले पाहिजेत. म्हणून १९६०च्या डिसेंबरात दावोस इथे पहिला शिक्षणवर्ग भरला. विक्रीतून मिळणारे मानधन संस्थापकांनी स्वतःच्या खिशात न घालता संशोधनाकडे आणि शिक्षणाकडे वळवले. तिथे सुरू झालेली ही शिकवण पुढे जगभर पसरली आणि असंख्य माणसे त्यामुळे पुन्हा पायांवर उभी राहिली. कारखानदार सोबत नसता, तर हे घडले नसते.

पण खरी मेख याच ठिकाणी आहे. सुतार ज्या रंध्यावर शिकला, तोच रंधा पुढे त्याच्या हाती बसतो. सर्जनचेही तसेच. ज्या कंपनीच्या हत्यारांवर त्याचा हात बसला, तीच हत्यारे तो उद्या शस्त्रक्रियागृहात मागणार. यात लाच नाही, लबाडी नाही, फक्त सवय आहे. आणि त्या सवयीची किंमत टेबलावर निजलेला रोगी मोजतो.

"माझ्यावर काही परिणाम होत नाही," असे प्रत्येक डॉक्टर प्रामाणिकपणे सांगतो. १९९२ साली अमेरिकेत ऑर्लोस्की आणि वातेस्का यांनी याचाच पडताळा घेतला. कंपन्यांच्या खर्चाने रम्य स्थळी भरलेल्या चर्चासत्रांना काही डॉक्टर गेले होते. जाण्यापूर्वी बहुतेकांनी सांगितले होते की, आमच्या औषधयोजनेत फरक पडणार नाही. पुढे रुग्णालयातल्या औषधांचा हिशेब पाहिला, तर एका औषधाचा सरासरी वापर ८१ मात्रांवरून २७२ वर गेला होता आणि दुसऱ्याचा ३४ वरून ८७ वर!

आपल्याकडे नियम नाहीत असे नाही. २००९ च्या डिसेंबरात भारतीय वैद्यक परिषदेने डॉक्टरांना आणि त्यांच्या संघटनांना कंपन्यांकडून भेटी, प्रवास, पाहुणचार घेण्यास मनाई केली. गंमत पुढेच आहे. २०१६ च्या फेब्रुवारीत त्यातून संघटनांचा उल्लेखच गाळला गेला. म्हणजे एकट्या डॉक्टरने तिकीट घेतले तर दोष, पण संघटनेने सबंध मांडव घेतला तर नियम गप्प! २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, डॉक्टरांना दिलेल्या भेटींवर कंपन्यांना आयकरात सवलत मिळणार नाही, कारण त्यांचा भार अखेर औषधाच्या किमतीतून रोग्यावरच पडतो. २०२३ च्या ऑगस्टमध्ये कंपन्यांनी पुरस्कृत केलेल्या कार्यक्रमांना जाण्याचीच बंदी करणारे नवे नियम आले आणि तीन आठवड्यांत स्थगित झाले. २०२४ च्या मार्चमध्ये औषधकंपन्यांसाठी संहिता आली. परदेशी कार्यक्रम बंद, वक्त्यांखेरीज कुणाला प्रवासखर्च नाही, आणि कार्यक्रमाचा खर्च कंपनीने आपल्या संकेतस्थळावर मांडावा. उपकरणांसाठीही त्याच वर्षी वेगळी संहिता निघाली. मात्र तक्रारीचा निवाडा प्रथम कंपन्यांच्याच संघटनांनी करायचा!

मी हे सारे सांगितल्यावर भाचा जरा गंभीर झाला. म्हणाला, "मामा, कबूल. पण कंपनीला नको म्हटले, तर पुढचा वर्ग भरवणार कोण? मी पुस्तक वाचून गुडघा बदलू का?"

प्रश्न रास्त आहे. त्याला माझ्या मते तीन उत्तरे आहेत. शिक्षणाचा मुख्य भार सरकारने, वैद्यकीय महाविद्यालयांनी आणि डॉक्टरांनी स्वतः उचलावा. कंपनीची मदत घ्यावीच लागली, तर ती सामायिक निधीत पडावी. विषय, वक्ते आणि शिकाऊ उमेदवार संघटनेने निवडावेत, आणि टेबलावर एकाच्या नव्हे, चार कंपन्यांची हत्यारे असावीत. तिसरे उत्तर माझ्या आईचे : वही ठेवावी. अमेरिकेने २०१० साली तसा कायदा केला. २०१४ पासून कोणत्या कंपनीने कोणत्या डॉक्टरला काय दिले, ते तिथे कुणालाही संगणकावर पाहता येते. आपल्या वैद्यकीय संघटनांनी प्रत्येक परिषदेनंतर जमाखर्च कंपनीवार छापला, तर त्यांना कोण अडवणार आहे?

इतका वेळ ताई फराळाच्या बशा भरीत मुकाट ऐकत होती. दोन वर्षे ती गुडघ्यांनी बेजार आहे. बशी पुढे करून तिने लेकालाच विचारले, "मग माझ्या गुडघ्यात काय बसवायचे, ते कोण ठरवणार रे?"

भाच्याने लगेच उत्तर दिले नाही. चकली मोडीत तो बराच वेळ गप्प बसला. शेवटी म्हणाला, "आई, ते मी ठरवायला हवे. आणि कशावरून ठरवले, तेही तुला सांगायला हवे."

निघताना पाहिले, तर ती ठळक नावाची पिशवी ताईने आतून बाहेर उलटी करून खुंटीला लावली होती. म्हणाली, "कापड चांगले आहे. भाजीला होईल."