शुगर मोजताना

निरोगी प्रौढ माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं, आणि उपाशीपोटी त्या सगळ्या रक्तात मिळून जेमतेम पाच ग्रॅम ग्लुकोज असतं, म्हणजे चहाचा एक चमचा. जेवण झालं की ते वाढतं. स्वादुपिंडातल्या बीटा पेशी इन्सुलिन सोडतात, स्नायू आणि चरबीच्या पेशी ग्लुकोज आत घेतात, यकृतही साठा करतं आणि दोनेक तासांत पातळी खाली येते. रात्रभर पोट रिकामं असताना यकृतच थोडंथोडं ग्लुकोज रक्तात सोडत राहतं. मधुमेहात हा मेळ बिघडतो. टाइप १ मध्ये इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच नष्ट झालेल्या असतात. टाइप २ मध्ये इन्सुलिन असतं, पण पेशी त्याला पुरेशी दाद देत नाहीत, आणि पुढे तेही कमी पडू लागतं.

साखर दर १०० मिलिलिटरला १८० मिलिग्रॅमच्या आसपास जाईपर्यंत मूत्रपिंडं ती लघवीत फारशी सोडत नाहीत. वारंवार लघवी, सतत तहान ही लक्षणं त्यामुळे उशिरा येतात, आणि १३०-१४० वर असलेल्या माणसाला बहुधा काहीच जाणवत नाही. त्याचा आजार कळतो तो रिपोर्टवरच.

म्हणून सकाळी सातला कुठल्याही पॅथॉलॉजी लॅबबाहेर उपाशीपोटी आलेल्यांची रांग असते. किमान आठ तास काही खायचं नाही. पाणी चालतं, बिनसाखरेचा चहा चालत नाही. दंडाला रबरी पट्टा आवळून कोपराच्या खळगीतली शीर चाचपली जाते आणि रक्त करड्या झाकणाच्या नळीत घेतलं जातं. नळी भरताच टेक्निशियन ती आठ-दहा वेळा हलक्या हाताने उलटीसुलटी करतो. तळाशी असलेली पूड रक्तात नीट मिसळावी, यासाठी हा खटाटोप. त्या पुडीत फ्लोराइड असतं. रक्त शिरेतून बाहेर आलं तरी त्यातल्या पेशी जिवंत असतात आणि ग्लुकोज खातच राहतात. नळी तशीच ठेवली तर तासाला पाच ते सात टक्के साखर कमी होते. फ्लोराइड हे खाणं थांबवतं, पण लगेच नाही. पहिला तास-दीड तास घट चालूच राहते. घरी येऊन घेतलेलं रक्त दुपारी लॅबला पोचलं, तर काठावरचा १२८ हा आकडा १२० होऊन छापला जाऊ शकतो. एवढ्या फरकाने माणसाचं निदान बदलतं, आणि रिपोर्टवर त्याची कुठे नोंदही नसते.

लॅबमध्ये नळी सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवतात. लाल पेशी तळाशी बसतात, वर पिवळसर प्लाझ्मा उरतो. त्याच्या थेंबभरात ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर घालतात. हे विकर बहुतांशी अ‍ॅस्परजिलस नायजर या बुरशीपासून मिळवतात. चाळीतल्या कांद्यावर काळी पूड धरते ती हीच. विकराच्या क्रियेतून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं, त्यातून गुलाबी रंग येतो, आणि रंग जितका गडद तितकी साखर जास्त. पूर्वी लघवी बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणात उकळून हिरवा, पिवळा, विटकरी असे रंग नुसत्या डोळ्यांनी पाहत. आता रंगाची गडदता यंत्र मोजतं.

उपाशीपोटीचा आकडा १०० च्या आत असेल तर ठीक, १०० ते १२५ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, १२६ किंवा जास्त म्हणजे मधुमेह. जेवणानंतरच्या तपासणीत गोंधळ जास्त. दोन तास मोजायचे ते पहिल्या घासापासून. बरेच जण हात धुतल्यापासून मोजतात. शिवाय एरवी ताटभर जेवणारा माणूस त्या दिवशी नेमके दोन फुलके आणि भाजी खातो. असा आकडा छान येतो, पण तो रोजच्या जेवणाचा नसतो. निदानासाठी म्हणूनच ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाजून दोन तासांनी रक्त घेतात. त्यात २०० किंवा त्याहून जास्त म्हणजे मधुमेह.

‘तीन महिन्यांची शुगर’ म्हणजे एचबीएवनसी. तिची नळी जांभळ्या झाकणाची, आणि तिच्यासाठी उपाशी राहावं लागत नाही. रक्तातलं ग्लुकोज हिमोग्लोबिनला चिकटतं ते लाल पेशी मरेपर्यंत, म्हणजे सुमारे १२० दिवस, सुटत नाही. किती टक्के हिमोग्लोबिनला साखर चिकटली आहे ते मोजलं की मागच्या दोन-तीन महिन्यांचा अंदाज येतो. त्यातही शेवटच्या महिन्याचा वाटा निम्म्याच्या आसपास. ६.५ टक्के आणि पुढे मधुमेह. ७ टक्के म्हणजे सरासरी १५४ मिलिग्रॅम. तपासणीच्या आदल्या आठवड्यात पथ्य पाळून हा आकडा फारसा हलत नाही.

पण ही तपासणी लाल पेशींच्या आयुष्यावर उभी आहे. लोह कमी असलेल्या पंडुरोगात पेशी जास्त दिवस टिकतात आणि आकडा खोटाच वाढतो. नुकतं रक्त चढवलं असेल तरी तो फसवतो. सिकलसेलमध्ये पेशी लवकर फुटतात, म्हणून तो खोटाच कमी येतो. गडचिरोली, नंदुरबार अशा सिकलसेल आढळणाऱ्या भागांत एकट्या एचबीएवनसीवर विसंबणं धोक्याचं.

घरच्या ग्लुकोमीटरची पट्टी त्याच जातीच्या विकरांवर चालते. फक्त रंगाऐवजी विजेचा सूक्ष्म प्रवाह मोजते. सुई बोटाच्या टोकावर न टोचता कडेला टोचावी, तिथे कमी दुखतं. आधी हात धुऊन कोरडे करायचे, कारण नुकताच आंबा चिरलेल्या बोटावर मीटर २५० सुद्धा दाखवू शकतं. थेंब येत नाही म्हणून बोट पिळलं तर रक्तात आजूबाजूचं पाणी मिसळतं. इतकं सांभाळूनही आंतरराष्ट्रीय मानकानुसार १०० च्या वरच्या आकड्यात १५ टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो. लॅबमधल्या १४० च्या जागी घरी १२५ किंवा १६० दिसले, तरी मीटर बिघडलेलं नसतं. औषधाचा, जेवणाचा परिणाम रोज पाहायला ते पुरेसं आहे. निदान मात्र शिरेतल्या रक्तावरच होतं, आणि लक्षणं नसतील तर एका वाढलेल्या आकड्यावर नाही. दुसऱ्या तपासणीतही तो वाढलेला यावा लागतो.