कटअवे: सांध्यावरची पट्टी

‘युगांतर’ गटाने १९८२ मध्ये निपाणीच्या तंबाखू कामगार स्त्रियांवर ‘टोबॅको एम्बर्स’ हा माहितीपट केला. आज तिथला विद्यार्थी विडी वळणाऱ्या आजीची मुलाखत मोबाइलवर टिपतो. मधला भाग कापला की आजीची मान पडद्यावर एकदम उडी मारते.

यावर उपाय कटअवे (आवाज तोच ठेवून क्षणभर दुसरीकडे नेणारा शॉट). तो संकलनाच्या वेळी सुचणारी सजावट आहे, असा समज आढळतो. खरे तर वाकळीच्या सांध्यावर शिवलेल्या पट्टीसारखे त्याचे काम असते. आजीची बोटे दिसली की सांधा लपतो आणि तिच्या बोलण्याला वजनही येते.

पट्टीचे कापड मात्र आधीच हवे. म्हणून मुलाखत संपताच कॅमेरा बंद करू नये. हात, सूप, टेंभुर्णीची पाने प्रत्येकी १० सेकंद स्थिर टिपावीत.