जहाजाच्या टाकीतलं पाणी आणि चार विषय

रिकामं जहाज तोल राखण्यासाठी टाक्यांत समुद्राचं पाणी भरतं आणि पुढच्या बंदरात माल चढवताना ते सोडून देतं. त्यासोबत शिंपल्यांच्या अळ्या, शेवाळ, जिवाणूही प्रवास करतात. १९८०च्या दशकात झेब्रा शिंपले असेच युरोपातून उत्तर अमेरिकेच्या ग्रेट लेक्समध्ये पोचले आणि तिथले पाणीपुरवठ्याचे नळ तुंबले. २००४मध्ये जहाजांच्या अशा पाण्याविषयी आंतरराष्ट्रीय करार झाला. तो ८ सप्टेंबर २०१७ला लागू झाला.

सागरी शिक्षणासाठी इतका चांगला धडा क्वचितच सापडेल. टाकी कधी रिकामी करायची, हे जहाजाच्या स्थिरतेचं गणित. पाण्यातले जीव रोखणारी गाळणी आणि अतिनील किरणांचं यंत्र इंजिनिअरकडे. कोणते जीव तग धरतात ते जीवशास्त्र सांगतं, या पाण्याच्या नोंदवहीतल्या चुकीचे परिणाम कायदा. हे पेपर सुटेसुटे शिकवले, तर डेक कॅडेट आणि इंजिन कॅडेट एकमेकांची अडचण थेट जहाजावर ऐकतात. तिथे शिकायला उसंत नसते. दोघांनी वर्गातच एका सफरीचा पाण्याचा आराखडा मिळून करावा. गढूळ बंदरात गाळणी तुंबते, पाणी भरणं मंदावतं, मग माल उतरवण्याचा वेगही कमी करावा लागतो. हा निर्णय कोणी घ्यायचा, यावर तिथेच वाद होऊ द्यावा.