विमाने टिकतात, माणसे झिजतात

भारतीय हवाई दलाने २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगड येथे मिग-२१ या लढाऊ विमानाला निरोप दिला. हे विमान १९६३ साली दाखल झाले होते, म्हणजे त्याची सेवा ६२ वर्षांची झाली. भारतात सहाशेहून अधिक मिग-२१ बांधली गेली आणि त्यांच्या बांधणीसाठीच नाशिकजवळच्या ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना उभा राहिला. त्यामुळे या निरोपाची चर्चा महाराष्ट्रातही बरीच झाली.

जगात याहून जुनी उदाहरणे आहेत. अमेरिकेच्या बी-५२ या बॉम्बफेकी विमानाचे पहिले उड्डाण १५ एप्रिल १९५२ रोजी झाले आणि शेवटचे बी-५२ ऑक्टोबर १९६२ मध्ये कारखान्याबाहेर पडले. आज सेवेत असलेली ७६ विमाने त्याच काळातली आहेत. नवी बांधलेली नव्हेत, तर तीच. त्यांना आता नवी इंजिने बसवायची आहेत आणि २०५० नंतरही ती उडवण्याचा बेत आहे. काही घरांत आजोबा, वडील आणि नातू अशा तीन पिढ्यांनी या विमानावर काम केले आहे.

अशा विमानांविषयी लिहिताना वैमानिकाचे शौर्य आणि यंत्राची मजबुती यांवर भर असतो. ते योग्यच आहे. पण साठ वर्षांचे विमान आपोआप उडत नाही. ते दर काही महिन्यांनी उघडावे लागते, तपासावे लागते, खरवडावे लागते आणि पुन्हा जोडावे लागते. हे काम करणाऱ्या माणसांच्या शरीरावर काय परिणाम होतो, हा आरोग्याचा प्रश्न आहे. त्याचे सर्वांत तपशीलवार उत्तर ऑस्ट्रेलियातून मिळाले आहे. ते समजण्यासाठी आधी विमान म्हातारे कसे होते हे पाहावे लागेल.

धातूचा थकवा

लोखंडी तार एकदा वाकवली तर तुटत नाही. पण तीच मागे-पुढे वाकवत राहिलो तर थोड्या वेळाने तुटते. प्रत्येक वेळचा जोर सारखाच असतो, पण परिणाम साठत जातो. यालाच धातूचा थकवा म्हणतात. एकोणिसाव्या शतकात ऑगस्ट व्होलर या जर्मन अभियंत्याने रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून त्याचा पद्धतशीर अभ्यास केला.

साध्या पोलादाला एक सोय असते. ताण ठराविक मर्यादेच्या खाली असेल तर तो कितीही वेळा दिला तरी चालतो. विमानाच्या अंगाचा बराच भाग ज्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंचा असतो, त्यांना अशी सुरक्षित मर्यादा नाही. प्रत्येक उड्डाण, प्रत्येक हेलकावा, प्रत्येक अवतरण त्यांच्या आयुष्यातून थोडे वजा करते. म्हणून विमानाचे वय केवळ वर्षांत मोजत नाहीत. उड्डाणाचे तास किती, अवतरणे किती आणि प्रत्येक वेळी ताण किती पडला, याचा हिशेब ठेवतात. दोन माणसे साठ वर्षांची असली तरी त्यांच्या रक्तवाहिन्यांचे वय सारखे नसते, तसेच हे आहे.

थकव्याच्या जोडीला गंज असतो. तो उड्डाणाची वाट पाहत नाही. विमान जमिनीवर उभे असले तरी दमट हवेत त्याचे काम चालूच राहते. अमेरिका आपली निवृत्त विमाने ॲरिझोनाच्या कोरड्या वाळवंटात ठेवते ती यासाठीच. तेथे सात वर्षे पडून असलेले एक बी-५२ विमान २०१५ साली पुन्हा सेवेत आणले गेले.

शंभर तासांचे विमान

या शास्त्राला मोठे वळण मिळाले ते एफ-१११ या अमेरिकी बॉम्बफेकी विमानामुळे. याचे पंख उडत असताना मागे-पुढे वळत. ते ज्या बिजागरीवर फिरत, ती अतिशय कणखर पोलादाची होती. २२ डिसेंबर १९६९ रोजी नेवाडा राज्यात सरावाच्या वेळी अशा एका विमानाचा डावा पंख तुटला आणि दोन्ही वैमानिक मृत्युमुखी पडले. विमान जुने नव्हते. ते जेमतेम शंभरेक तास उडालेले होते. बिजागरीचा तो भाग घडवतानाच त्यात एक लहान भेग राहून गेली होती आणि कारखान्यातील तपासणीत ती कोणालाही दिसली नव्हती.

तोपर्यंत अभियंते असे मानत की नवा भाग निर्दोष असतो आणि ठराविक तास झाले की तो बदलायचा. या अपघातानंतर विचार उलटा झाला. प्रत्येक भागात कुठेतरी न दिसलेली भेग आहे असेच धरून चालायचे. ती किती वेगाने वाढेल याचे गणित करायचे. आणि ती घातक होण्याआधी निदान दोनदा तपासणी होईल असे वेळापत्रक आखायचे. कर्करोगासाठी ठराविक काळाने तपासणी सुचवताना वैद्यकशास्त्र जवळजवळ हाच विचार करते.

एफ-१११ साठी आणखी एक चाचणी ठरली. विमान उणे ४० अंशांपर्यंत थंड करून पंखांवर मोठा भार द्यायचा. थंडीत हे पोलाद अधिक ठिसूळ होते, त्यामुळे धोकादायक भेग असेल तर पंख आकाशात तुटण्याऐवजी जमिनीवरच तुटेल. एक्स-रे, अल्ट्रासाउंड, भेगेत शिरणारे रंगीत द्रव अशी साधनेही वापरात होती. रुग्णालयातील तपासण्या आणि विमानाच्या तपासण्या यांत फार फरक उरला नाही. अमेरिकेने आपली एफ-१११ बॉम्बफेकी विमाने १९९६ साली निवृत्त केली. ऑस्ट्रेलियाने मात्र ती ३ डिसेंबर २०१० पर्यंत उडवली.

टाकीच्या आत

ऑस्ट्रेलियाची एफ-१११ विमाने क्वीन्सलंड राज्यात ब्रिस्बेनजवळच्या ॲम्बर्ली तळावर असत. या विमानात इंधनासाठी वेगळी रबरी पिशवी नव्हती. धड आणि पंख यांच्या पोकळ्या सांध्यांवर सीलंट लावून बंद केल्या होत्या आणि इंधन थेट त्यांतच भरले जाई. वजन वाचले, पल्ला वाढला. पण काही वर्षांत सीलंट खराब होऊन इंधन गळू लागले.

गळती थांबवायची तर जुने सीलंट काढून नवे लावणे भाग होते. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून २००० सालच्या आरंभापर्यंत हे काम वेगवेगळ्या टप्प्यांत चालले. तंत्रज्ञ अरुंद टाकीत अंग आखडून शिरत. आत जुने सीलंट मऊ करणारी रसायने, द्रावके आणि इंधनाची वाफ असे. बाहेर क्वीन्सलंडचा उन्हाळा, आत हवा खेळती नाही. तासन् तास आडवे पडून हाताने सीलंट खरवडायचे, असे ते काम होते.

पहिल्या टप्प्यात वापरलेल्या एका रसायनात थायोफिनॉल होते. त्याचा दर्प असह्य असतो. तो कपड्यांत, केसांत, घामात मुरे. कितीही आंघोळ केली तरी जात नसे. तळावरील इतर लोक या तंत्रज्ञांना मेसमध्ये जवळ बसू देत नसत. घरी अंथरुणालाही तोच वास येई. कोणी तक्रार केली तर कामच तसे आहे असे म्हणून विषय संपे. दर्प घरापर्यंत जातो याचा अर्थ रसायन शरीरात शिरते आहे, ही साधी गोष्ट कोणी वेळेवर ध्यानात घेतली नाही.

शेवटी २००० साली तंत्रज्ञांच्या तक्रारी इतक्या वाढल्या की काम थांबवावे लागले. हवाई दलाच्या चौकशी मंडळाने २००१ साली अहवाल दिला. दोष एखाद्या अधिकाऱ्याचा नसून संपूर्ण यंत्रणेचा आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. विमाने उडत राहिली पाहिजेत, याला सगळ्यांत वरचे स्थान होते. ती उडती ठेवणाऱ्यांची प्रकृती त्या यादीत खूप खाली होती.

आजार सिद्ध करणे

पुढचा प्रश्न वैद्यकीय होता. या माणसांचे आजार त्या कामामुळेच झाले, हे कसे ठरवायचे? डोकेदुखी, विसरभोळेपणा, उदासी, अंगावर चट्टे या तक्रारी इतरांनाही असतात.

पहिली अडचण तुलनेची. सैन्यात निरोगी तरुणच निवडले जातात. त्यांची तुलना सर्वसाधारण जनतेशी केली तर ते नेहमीच अधिक निरोगी दिसतात. घातक काम करणारेही त्यात सुदृढ वाटू शकतात. म्हणून संशोधकांनी त्यांची तुलना हवाई दलातल्याच इतरांशी केली: ॲम्बर्लीवर दुसरे काम करणारे आणि रिचमंड या दुसऱ्या तळावरील तंत्रज्ञ.

दुसरी अडचण नोंदींची. कोण, कोणत्या टाकीत, किती दिवस, कोणत्या रसायनाबरोबर होते याच्या नोंदी अपुऱ्या होत्या. विमानाच्या प्रत्येक तासाचा हिशेब असतो, माणसाचा नव्हता. काहींची नावे यादीत आली ती ते हयात होते आणि स्वतः पुढे आले म्हणून. जे आधीच वारले, ते अशा यादीतून निसटू शकतात आणि मग मृत्यूचे प्रमाण खोटेच कमी दिसते.

तिसरी अडचण मिश्रणाची. रसायने अनेक आणि ती एकाच वेळी शरीरात गेलेली. एकावर बोट ठेवता येत नव्हते.

एवढ्या अडचणी असूनही २००४ साली पूर्ण झालेल्या अभ्यासातून चित्र पुरेसे स्पष्ट झाले. टाक्यांत काम केलेल्यांमध्ये नैराश्य आणि चिंता, स्मरणशक्तीच्या तक्रारी, लैंगिक दुर्बलता आणि त्वचेचे विकार इतरांपेक्षा अधिक आढळले. मेंदू आणि मज्जासंस्थेवर द्रावकांचा परिणाम होतो हे वैद्यकशास्त्राला आधीपासून माहीत होते. कारण द्रावके चरबीत विरघळतात आणि मेंदूत चरबीसारख्या घटकांचे प्रमाण मोठे असते. श्वासावाटे आलेली वाफ रक्तातून थेट तेथे पोचते. कातडीतूनही बरीचशी द्रावके आत जातात. त्यामुळे केवळ तोंडाला मास्क लावून भागत नाही.

२००५ साली सरकारने भरपाई जाहीर केली: कामाच्या स्वरूपानुसार ४० हजार किंवा १० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर. पात्रतेची व्याख्या इतकी आवळलेली होती की अनेक जण बाहेर राहिले. त्यांनी पाठपुरावा सोडला नाही. २००९ साली संसदेच्या समितीने या प्रश्नाची नव्याने चौकशी केली आणि त्यानंतर पात्रतेची कक्षा वाढवली गेली.

काम कोणते, हा प्रश्न

इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० साली कामगारांच्या आजारांवर पहिला मोठा ग्रंथ लिहिला. रुग्णाला नेहमीच्या प्रश्नांबरोबर 'तू काम काय करतोस?' हेही विचारावे, असा त्यांचा आग्रह होता. तीनशे वर्षांनंतरही गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात हाच प्रश्न सर्वांत आधी गळतो. विसरायला होते म्हणून आलेल्या चाळिशीतल्या माणसाला साखर, थायरॉइड, ब जीवनसत्त्वाची तपासणी लिहून दिली जाते. तो दिवसभर थिनरच्या वासात रंगकाम करतो, हे केसपेपरवर येत नाही.

हा धोका हवाई दलापुरता नाही. इंधनाच्या टाक्या साफ करणारे, जहाजांच्या पोटात रंग देणारे, छपाईची यंत्रे पुसणारे, गॅरेजमध्ये सुटे भाग पेट्रोलने धुणारे, चपला चिकटवणारे या सर्वांना तो आहे. बंदिस्त जागेत शिरण्याआधी हवा तपासणे, ताजी हवा आत सोडत राहणे, योग्य श्वसनसाधन आणि रसायनाला साजेसे हातमोजे वापरणे, बाहेर एक माणूस उभा ठेवणे आणि आत राहण्याची वेळ बांधणे, हे उपाय साधे आहेत. विषारी वायू असलेल्या बंदिस्त जागांसाठीची बंधने भारतातही १९४८ च्या कारखाने अधिनियमातच घातलेली होती. काही व्यवसायजन्य आजार आढळल्यास डॉक्टरने कळवावेत, असेही त्यात होते.

कामगारांनी स्वतः तीन गोष्टी कराव्यात. कोणती रसायने वापरतो त्यांची नावे डब्यावरून उतरवून जवळ ठेवावीत. कामाच्या दिवशी डोके जड होणे, मळमळणे, चालताना तोल जाणे आणि सुटीच्या दिवशी बरे वाटणे असे होत असेल तर ते टाळू नये. आणि डॉक्टरांनी विचारले नाही तरी आपले काम काय ते सांगावे, आधीच्या नोकरीतले कामसुद्धा.

ओझरमध्ये आता तेजस विमाने बांधली जाऊ लागली आहेत आणि सुखोई-३० ची मोठी दुरुस्तीही तेथे होते. ही विमानेही पुढे कित्येक दशके वापरली जातील. त्यांच्या प्रत्येक भेगेची नोंद राहील, तशीच ती दुरुस्त करणाऱ्या प्रत्येकाच्या प्रकृतीची नोंद पहिल्या दिवसापासून राहिली, तर ॲम्बर्लीत जे घडले ते टळू शकते.

ऑस्ट्रेलियाची २३ एफ-१११ विमाने नोव्हेंबर २०११ मध्ये ॲम्बर्लीपासून जवळच, स्वानबँक येथील कचराभूमीत पुरण्यात आली. त्यांच्या सांध्यांत ॲस्बेस्टॉस होता आणि तो काढत बसणे धोक्याचे होते. विमानांचा प्रश्न तिथे मिटला. ती उडती ठेवणाऱ्या अनेकांची औषधे मात्र त्यानंतरही चालूच राहिली.